छपराला भोक, टायरला ठिगळ

मागच्या दसऱ्याला भाच्याने गाडी घेतली. शोरूममध्ये गाडीवर लाल मखमल पांघरलेली. ताईने आणि भावजींनी दोन टोकं धरून ती ओढली, टाळ्या झाल्या, वरून चकचकीत कागदाचे तुकडे उडाले आणि एका मुलीने भाच्याच्या हातात पाटाएवढी पुठ्ठ्याची किल्ली ठेवली. खरी किल्ली काडेपेटीएवढी असते आणि हल्ली ती खिशातून बाहेरही काढावी लागत नाही, तेव्हा फोटोपुरती ही सोय. चारी चाकांखाली लिंबं. नारळ फुटला तो बोनेटपासून चार हात लांब, फरशीवर, कारण रंगाला धक्का लागायला नको. मी या सगळ्यात उकिडवा बसून टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचत होतो.

"तुझं काय हरवलंय तिथे?" ताई.

"टायर कुठल्या आठवड्यातले आहेत ते बघतोय."

"पंचांग आहे का ते? नवी गाडी म्हणजे टायर नवेच!"

टायरवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, म्हणून हे बघायचं. त्या अख्ख्या शोरूममध्ये माझं बोलणं एकाच माणसाने मनावर घेतलं, ते म्हणजे पूजेला आलेले गुरुजी. म्हणाले, "माझ्या स्कूटरचे बघायला पाहिजेत."

नातेवाइकांना गाडीवेडा माणूस वर्षातून दोनदा आठवतो, पाडव्याच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी. "तुला त्यातलं कळतं," अशी सुरुवात होते. मग "कुठली घेऊ?" हे विचारतात तेव्हा बुकिंगचे पैसे भरून झालेले असतात. त्यामुळे आपण फक्त "छान आहे" म्हणायचं आणि पेढा घ्यायचा.

भाच्याने मात्र बुकिंगच्या आधी विचारलं होतं, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. मी म्हटलं, टेस्ट ड्राइव्हला मोकळा रस्ता बघून एकदा कचकन ब्रेक मार, गाडी सरळ थांबते का बघ. अंधार पडल्यावर जा, म्हणजे हेडलाइटचा उजेड किती ते कळेल. खड्ड्यातून ने. मागच्या सीटवर आईला बसव आणि उतरल्यावर तिच्या कमरेला विचार. तो गेला, आला, म्हणाला, "मामा, एकदम स्मूद."

"काय स्मूद?"

"सनरूफ."

तीनदा उघडून-मिटून बघितलं होतं त्याने. ब्रेक सिग्नलला लागला होता तेवढाच.

पुण्यात मार्च ते मे डोक्यावर ऊन. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरला पुन्हा ऊन, आणि त्यानंतर थंडीभर कुठल्या ना कुठल्या पुलाची धूळ. यातून जो वेळ उरेल त्यात सनरूफ उघडायचं. उघडलं की त्यातून मूल बाहेर काढायचं. परवाच बाणेर रस्त्यावर बघितलं, सात-आठ वर्षांचं पोर छातीपर्यंत बाहेर, हात पसरलेले, गाडी साठच्या वेगात आणि आई खालून मोबाइलवर रील काढतेय. त्या पोराला गाडीत धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, बापाचं नशीब.

सनरूफवाल्या मॉडेलसाठी भाच्याने लाखभर रुपये जास्त मोजले. तेवढ्यात उत्तम टायरचे तीन संच येतात. गाडी रस्त्याला टेकते ती चारच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जागा तळहाताएवढी. तुमचं दीड टन लोखंड, सहा एअरबॅग, आठ स्पीकर, गणपती आणि गुरुजींचा मंत्र, सगळं त्या चार तळहातांवर. पण त्याचा फोटो नीट येत नाही.

*

आणि ही 'एसयूव्ही' आहे म्हणे. लांबी ३,९९५ मिलिमीटर.

हा आकडा पाठ करून ठेवा. नेक्सॉन ३,९९५. ब्रेझा ३,९९५. व्हेन्यू ३,९९५. डिझायरही ३,९९५. इतक्या वेगवेगळ्या कारखान्यांतून एकाच मापाची बाळं जन्माला येतात याचं कारण २००६ चा अर्थसंकल्प. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना त्यात अबकारी करात सवलत मिळाली आणि तेव्हापासून आपल्या गाड्यांची शरीररचना अर्थखातं ठरवतं. डिझायर आधी चार मीटरच्या वर होती. २०१२ मध्ये तिची डिकी छाटली. मागून बघितलं की शेपूट टाकून पळालेल्या पालीची आठवण यायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर आतल्यांना जीएसटी १८ टक्के, बाहेरच्यांना ४०. पाच मिलिमीटरची हद्द ओलांडायला आता छातीच पाहिजे.

गंमत म्हणजे २०२२ च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेने एसयूव्ही कशाला म्हणायचं ते स्पष्ट केलं होतं. इंजिन १,५०० सीसीच्या वर, लांबी चार मीटरच्या वर, पोटाखाली किमान १७० मिलिमीटर जागा. म्हणजे सरकारी हिशेबात भाच्याची गाडी एसयूव्ही नाही, उंच टाचांच्या चपला घातलेली हॅचबॅक आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, फील येतो ना पण." येतो. मला बघताना येतो, माझी गाडी तिच्या दरवाजाच्या हँडलपर्यंत लागते.

*

"अ‍ॅव्हरेज किती देते?"

हा प्रश्न अल्टोवाल्याला विचारतात, फॉर्च्युनरवाल्यालाही विचारतात आणि मला वाटतं स्मशानात गाडी लावली तर तिथेही कोणीतरी हळूच विचारील. कंपनीचा आकडा येतो कुठून, ते पुणेकरांना तरी माहीत हवं. वेताळ टेकडीच्या अंगावर गाड्या तपासणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. संध्याकाळी फिरायला जाणारे त्या टेकडीलाच एआरएआय म्हणतात, आत काय चालतं ते बघायला कोणी जात नाही. चाचणीत गाडी रोलरवर उभी असते. चाकं फिरतात, गाडी जागेवर. वीसेक मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम, सरासरी वेग तिशीच्या आसपास, कमाल वेग ९०, एसी बंद. समोर रिक्षा नाही, मागे बोंब मारणारा टेम्पो नाही, वाटेत म्हैस नाही. तो आकडा खोटा नसतो. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो चांगला आहे. पण "कंपनीने बावीस सांगितलं आणि मला चौदाच मिळतात" म्हणून जो माणूस भांडायला जातो, तो रोज कर्वे रस्त्याने एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर पाय ठेवून जातो.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, तेव्हा अ‍ॅव्हरेज थोडं पडणार हे सहावीच्या गणिताचं काम. आमच्या गाड्या अंशतः उसावर चालायला लागल्या, मक्यावर आणि तांदळावरही. इंजिनाचा स्वयंपाक बदलला तरी पंपावर ताटाचा दर तोच.

आणि अ‍ॅव्हरेजवर तासभर बोलणारा हाच माणूस हवा भरायला गेला की काच चार बोटं खाली करतो. पोरगा विचारतो, "किती टाकू?" साहेब म्हणतात, "टाक रे नेहमीची." नेहमीची म्हणजे किती? ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो, पुढे किती, मागे किती, माणसं भरली तर किती. तो स्टिकर मी आजवर ज्यांना दाखवला त्यांतले निम्मे म्हणाले, "हे मला वाटलं, चेसिस नंबर असेल." हवा कमी असली की गाडी जड चालते, पेट्रोल जास्त पिते आणि टायरच्या दोन्ही कडा खाऊन टाकते. हवा फुकट मिळते, म्हणूनच बहुधा तिच्याकडे कोणी बघत नाही.

*

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांवर हसण्याचा मला अधिकार नाही. त्या विद्येचं मूळ माझ्याच घरात आहे.

वडिलांची फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १,०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या गळ्यात. कंपनीने तिचं नाव पद्मिनी ठेवलं, माणसं शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिली. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना तिचा पेट्रोल पंप इतका तापायचा की पेट्रोलची आतल्या आत वाफ व्हायची आणि इंजिन उचकी देऊन थांबायचं. वडील शांतपणे उतरायचे. आम्ही दोघं भावंडं चाकांमागे दगड लावायचो. वडील वॉटरबॅगमधलं पाणी टॉवेलवर ओतायचे आणि तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवावी तशी त्याची घडी पंपावर ठेवायचे. आई डबा उघडायची. पोळी आणि बटाट्याची भाजी संपेपर्यंत पंप निवायचा. त्या घाटात आमच्यासारखी पाच-सहा कुटुंबं हमखास असायची, प्रत्येकाच्या बोनेटमध्ये टॉवेल. लोणच्याची देवाणघेवाण व्हायची.

उतार लागला की वडील न्यूट्रल करायचे. त्यांचा हिशेब तेव्हा बरोबर होता. कार्ब्युरेटर तो, गिअरमध्ये उतरलं तरी पेट्रोल ओढतच राहायचा. पण कार्ब्युरेटर जाऊन पंचवीस वर्षं झाली. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की इंजिनाला जिवंत राहायला पुन्हा पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलवर घाट उतरणारा पेट्रोल जाळतो, ब्रेक जाळतो आणि खाली पोचून बायकोला सांगतो, "बघ, एक थेंब लागला नाही."

आमच्या सोसायटीतले एक काका रोज सकाळी सात वाजता गाडी सुरू करून दहा मिनिटं गरम करतात. चोक गेला, चोकचं बटण गेलं, सवय राहिली. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत धूर जातो तेव्हा काकूंना कळतं, आज काका बँकेत जाणार.

आणि तो पत्रा! "जुन्या गाड्यांचा पत्रा बघा, रणगाडा." बोनेटवर टिचकी मारून सांगतात. अहो, पत्रा चुरगळतो तेव्हा धक्का स्वतः खातो. जो चुरगळत नाही तो धक्का जसाच्या तसा आत पाठवतो, तुमच्या बरगड्यांच्या पत्त्यावर. नव्या म्हणवणाऱ्या गाड्याही फार सोवळ्या नव्हत्या. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय गाड्या भिंतीसारख्या अडथळ्यावर आपटल्या, पाचही शून्य तारे घेऊन परतल्या. २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे मिळाले. ती गाडी आपल्या रांजणगावची. तेव्हापासून लोक तारे विचारायला लागले, ही मला गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात चांगली बातमी वाटते. पट्टा लावत नाहीत तो भाग वेगळा.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. माझेही डोळे ओले झाले. पण मला विचाराल तर मी ती पुन्हा घेईन का? टॉवेलसकट देत असाल तरी नको.

*

पट्ट्याचं निघालंच आहे तर. कोपऱ्यावरच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात एक क्लिप मिळते. पट्ट्याचं नुसतं टोक, पट्टा नाही. ती खाचेत खोचली की गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे आणि तिची टकळी थांबते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन दुकानदारांना ती विकायला बंदी केली. कोपऱ्यावरच्या दुकानात ती परवा मी स्वतः बघितली, डॅशबोर्डवर ठेवायच्या गणपतीच्या शेजारच्याच खिळ्याला. एकाच ठिकाणी दोन्ही घ्यायचे, पट्ट्याची फसवणूकही आणि तिच्यावरचा उपायही.

तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी काढला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. कोणी काही फुकट दिलं की आपण संशयाने बघतो, तसं झालंय. मागच्या सीटवर तर पट्टा हा अपमानच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मर्सिडीज, ते मागच्या सीटवर, पट्टा नव्हता. त्यानंतर आठवडाभर सगळ्यांनी मागचे पट्टे शोधले. बहुतेक सीट कव्हरच्या खाली सापडले.

"साडी चुरगळते," ताई म्हणाली. मी म्हटलं, एक हजार रुपये दंड आहे. हे लागू पडलं. बरगडीपेक्षा पावती जास्त दुखते.

*

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेबद्दल थोडक्यात, कारण रक्तदाब. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, जायला तीन आणि यायला तीन मार्गिका. सगळ्यात उजवी ओव्हरटेकसाठी. तिथे एक गृहस्थ ऐंशीने चाललेले असतात, जन्मापासून. हॉर्न दिला तर आरशात बघत नाहीत, कारण आरसा मिटलेला आहे. मधल्या मार्गिकेत कंटेनर दुसऱ्या कंटेनरला पाऊण किलोमीटरभर ओव्हरटेक करतोय. डावी, जी ट्रकसाठी, ती मोकळी. तिच्यातून एमएच अमुक पासिंगची एक पांढरी गाडी बुंगाट जाते, इंग्रजी आकड्यांतला ४१४१ वाकवून 'दादा' केलेला. कॅमेऱ्याला तो नंबर वाचता येत नाही. आम्हाला येतो, पण आम्हाला विचारतो कोण.

*

तर या गणपतीला भाच्याच्या गाडीतून चिपळूणला निघालो. भाचा चालवतोय, मी शेजारी, मागे ताई आणि भावजी, दोघं पट्ट्यात, ताईच्या मांडीवर मोदकांचा डबा. डिकीत मखर, माळा, समया, दोन सुटकेस आणि तांदळाचं पोतं, जणू चिपळुणात तांदूळ मिळत नाही. उंब्रजपासून पाऊस लागला. हेळवाक सोडलं आणि कुंभार्ली घाटात ढग खाली आले.

पुढच्या चार गाड्यांनी चारी इंडिकेटर लावले. पावसात सगळ्यांनी ते लावायची नवी रीत आहे. आता कोणी वळणार असेल तर कळायचं कसं? इंडिकेटर तर आधीच डोळे मिचकावतोय. हा दिवा उभ्या, बंद पडलेल्या गाडीसाठी असतो, चालत्या गाडीला साधे हेडलाइट पुरतात. पण आम्हाला हेडलाइट म्हणजे अप्पर, आणि अप्पर म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत.

मग काच धुकटली. भाच्याने एसीचं बटण शोधलं. बटण नाही. मध्ये ताटाएवढा स्क्रीन आहे, त्यावर आधी गाणं, मग नकाशा, मग एका पंख्याचं चित्र, त्यात शिरलं की काचेचं चित्र. गाडी उतारावर, बोट स्क्रीनवर, डोळे बोटावर. "मामा, तू दाब." मी दाबलं, ताईची सीट... गार वारा सोडायला लागली. शेवटी भावजींनी मागून पंचा दिला. युरोपात २०२६ पासून वायपर, हॉर्न, इंडिकेटर अशा गोष्टींना खरं बटण नसेल तर एनकॅपमध्ये गुण कापतात. पंचाचे किती गुण ते लिहिलेलं नाही.

वळणावर खालून एसटी वर येत होती. आमच्या पुढच्या गाडीने तिच्यासमोर नाक घातलं आणि हॉर्नवर हात ठेवला. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा लेखी नियम आहे. उतरणारा कुठेही थांबू शकतो, चढणारा भरलेली गाडी थांबवून पुन्हा उचलतो तेव्हा त्याचा क्लच रडतो. एसटीच्या ड्रायव्हरने काही बोलायचे कष्ट घेतले नाहीत. फक्त इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. पुढचा निमूट मागे आला. या राज्यात गाडी चालवता येणारी माणसं अजून आहेत, ती बहुतेक खाकी कपड्यात असतात.

त्याच्या पुढच्या तीन वळणांत मला वास आला. जळक्या रबरासारखा, पण जरा धातूचा.

"ब्रेक तापलेत. गिअर खाली घे."

"मामा, ऑटोमॅटिक आहे. गिअर नाहीयेत."

"सहा आहेत बाळा. तुला न विचारता बदलतात एवढंच."

दांडा डावीकडे ढकलला की 'एम' येतो हे अकरा महिन्यांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरा टाकला, इंजिन गुरगुरलं, गाडीने कोणीतरी मागून सदरा धरावा तसा वेग सोडला. भाच्याने ब्रेकवरून पाय काढला आणि माझ्याकडे बघितलं. "आवाज करतेय." करू दे. ज्या गिअरने घाट चढशील त्याच गिअरने उतर, हे ट्रकवाले शाळेत न जाता शिकतात. ब्रेक फार तापले की पेडल खाली जातं आणि गाडी जात राहते.

माझ्या एका मित्राच्या इलेक्ट्रिक गाडीतून हाच घाट मी गेल्या हिवाळ्यात उतरलो. पाय उचलला की मोटर उलटी होऊन गाडी धरते आणि बॅटरी भरते. पोफळीला पोचलो तेव्हा वर होती त्यापेक्षा दोन टक्के जास्त बॅटरी. आमच्या जमातीतले लोक "आवाज नाही, आत्मा नाही" म्हणून नाकं मुरडतात. मी मात्र त्या दोन टक्क्यांकडे बघत बसलो. वडील असते तर म्हणाले असते, बघ, मी काय म्हणत होतो.

पोफळीच्या अलीकडे मागून ताईचा आवाज आला. "अरे, पाणी गळतंय." सनरूफच्या कडेने थेंब, नेमका मोदकांच्या डब्यावर. सनरूफला चार कोपऱ्यांत पाणी जायला नळ्या असतात. गाडी वर्षभर सोसायटीतल्या गुलमोहराखाली उभी, पानं जाऊन त्या बुजल्या. भाचा वर बघायला वळला आणि समोरचा खड्डा, ज्यात एक वासरू आंघोळ करू शकेल, आमच्या डाव्या चाकाने घेतला.

फट्.

स्टेपनी डिकीच्या तळाशी. तिच्यावर तांदूळ, समया, मखर. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून आला, तिथे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जादा चाक बनवायचे. हे मी भर पावसात भाच्याला सांगितलं. त्याने ऐकलं नाही.) मखर डोक्यावर धरून भावजी उभे, समयांची पिशवी ताईच्या हातात, मी जॅक लावतोय आणि भाचा मोबाइलवर जॅक कसा लावायचा त्याचा व्हिडिओ शोधतोय. रेंज नव्हती. स्टेपनी निघाली ती बारीक, सायकलची थोरली बहीण. वर लिहिलेलं, कमाल वेग ८०. भाचा म्हणाला, "कंपनीने फसवलं." मी म्हटलं, माहितीपत्रकात होतं, सनरूफच्या पुढच्या पानावर.

चिपळुणात शिरताच पहिलं टायरचं दुकान. टायरवाल्याने चाक फिरवलं, पंज्याने भिंत दाबली आणि बोट भसकन आत गेलं.

"साइडवॉल फाटली, साहेब. नवीन टाकावा लागेल."

"ठिगळ नाही का लागणार?" भाचा. "मशरूम वगैरे?"

"पायाला लागलं तर पट्टी चालते. पोट फाटलं तर?"

"किती?"

"साडेसात हजार."

"साडेसात?" भाच्याचा आवाज चिरकला. "एका टायरला?" मग पंधरा मिनिटं घासाघीस. सेकंड हँड आहे का, दुसऱ्या कंपनीचा आहे का, नुसता मुंबईपर्यंत टिकला तरी चालेल. आम्ही पुण्याचे, ते घाबरल्यावर विसरला. सहा हजार आठशेला मिटलं. टायर चढला, हवा भरली, मी स्टिकर बघून आकडा सांगितला. टायरवाल्याने पैसे मोजले, वर बघितलं, सनरूफच्या कोपऱ्यातून अजून थेंब पडत होता, टप्, टप्, भाच्याच्या सीटवर.

हातातली पंक्चरची पट्टी पुढे करून तो म्हणाला, "वरचं पण काढून देऊ का, साहेब? त्याचे वेगळे नको."